समेटाचा फोटो

भागुबाईंनी मोबाइल म्हाळू आबांच्या हातात दिला आणि वकिलानं कागद पुढं करून मागं रेलावं तशा त्या मागं रेलल्या.

"बघा आबा, नीट बघा. सासुरवास झालेली पोर अशी हसती व्हय?"

गौतमीच्या माहेरी, वडगाव रासाईत, बुद्धविहारासमोर लिंबाखाली सतरंज्या टाकून बैठक बसली होती. एका बाजूला दौंडची माणसं, म्हणजे सम्राट, त्याची आई भागुबाई आणि दोन चुलते. दुसऱ्या बाजूला गौतमी, तिचे वडील महेंद्र आणि भावकीतली चारसहा जण. मधोमध खुटबावचे म्हाळू आबा. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, आणि हे लग्न जमवलेलं त्यांनीच. आपण जमवलेलं एकही लग्न मोडलेलं नाही, हे ते चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा सांगत.

आबांनी मोबाइल हातभर लांब धरला. भिगवणच्या पाण्यात नाव, नावेत पिवळ्या साडीतली गौतमी, मागं रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. शेजारी सम्राट. तो तिच्याकडं असा बघत होता, की फोटो बघणाऱ्या बायांनी आपल्या नवऱ्यांकडं रागानं बघावं. पुढं कुकडीतले रांजणखळगे, मग मोराची चिंचोली, मग गोवा. सगळीकडं दोघं हसत होती.

"ह्यो तर जोडा हाय," आबा म्हणाले.

ह्या फोटोंशी भांडता येत नाही, हे गौतमीला ठाऊक होतं. ते चांगले होते. सम्राट कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात ऑपरेटर होता, पण स्वतःची ओळख तो तशी कधी करून देत नसे. 'सम्राट-गौतमी भटकंती' हे त्याचं पान हजारो लोक बघत. नवराबायकोनं प्रवासात चांगले फोटो कसे काढावेत, याचे धडे तो त्यावर देई. जोडीदाराला मोकळं वाटू द्या, कॅमेरा विसरा, एकमेकांत हरवून जा. हे धडे रेकॉर्ड करताना गौतमीनं पंखा बंद करून स्वयंपाकघरात उभं राहायचं, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही.

आज तिला एकच गोष्ट वाचवायची होती. लग्नाआधी ती कुरकुंभलाच एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. तिची सुट्टी गुरुवारी, सम्राटची रविवारी. सुट्ट्या जुळेनात, म्हणून त्यानं तिला नोकरी सोडायला लावली. आता जुन्या साहेबांनी तिची जागा पुन्हा देऊ केली होती, सोमवारी हजर झाली तर. दौंडलाच, पण सासरी नव्हे तर मैत्रिणीच्या, शितलच्या खोलीवर राहायचंही ठरलं होतं. पण महेंद्रनं बैठकीचा शब्द पाळायचं कबूल केलं होतं, आणि बैठकीनं आज तिला सम्राटच्या गाडीत बसवलं, की सोमवार गेला. भागुबाईंनी तर आल्या आल्या तिची बॅग उचलून गाडीच्या डिकीत ठेवलीही होती.

आबांनी मोबाइल परत दिला आणि घसा साफ केला.

"पोरी, मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"दुसरी कोण बाई हाय?"

"नाही आबा. त्यांना वेळ कुठंय."

मागं कुणीतरी हसलं.

"मग तुझं दुखणं काय हाय?"

गौतमीनं याचं उत्तर आठ दिवस मनात घोळवलं होतं. आता बोलताना ते तिलाच लहान वाटायला लागलं.

"आबा, भिगवणला आम्ही सकाळभर होतो. मी एक पक्षी बघितला नाही. माझी पाठ होती तिकडं."

"मग वळून बघायचं की."

सगळे हसले. सम्राटही हसला, समजूतदार माणसासारखा.

"वळलं की फोटो बिघडतो म्हणतात. गोव्याला गेले, तिथंही समुद्राकडं पाठ. आन् हे माझ्याकडं बघतात ना फोटोत, ते दहा सेकंद. टायमर लावायचा, पळत यायचं, माझ्या खांद्यावर हात टाकायचा, बघायचं. फोटो पडला की हात काढून पळत मोबाइलकडं. भिगवणला मला ताप होता, आबा. गालाला गाल लावला तेव्हा त्यांना चटका बसला असंल. म्हणाले, गाल मस्त लाल आलेत."

"अगं, कौतुकच केलं ना मग," भागुबाई म्हणाल्या. "आमच्या मालकांनी जन्मात आमच्या गालाकडं बघितलं न्हाई."

या खेपेला हसणं आणखी मोठं झालं. महेंद्र मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिले. आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांच्या तोंडावर निकाल आधीपासून तयार होता.

"तरण्या पोरांस्नी नाद असत्यात. कुणाला कुस्तीचा, कुणाला बँजोचा. ह्याला फोटोचा हाय. एवढ्यावरनं कुणी संसार मोडत न्हाई. पोरी, तू आज दौंडला जायचं. सम्राट, तू तिला कवातरी पक्षी दाखवायचे. मिटलं."

"मिटलं," दोन्ही चुलते म्हणाले.

गौतमीनं डिकीकडं बघितलं. ती बंद होती.

आबांची एक रीत होती. समेट झाला की बैठकीचा फोटो काढायचा आणि समाजाच्या ग्रुपवर टाकायचा. मधोमध आबा, दोन्ही बाजूंना नवराबायको. असे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये खूप होते आणि कुणी मागितले नाही तरी ते दाखवत.

"घ्या रं एक फोटो," ते म्हणाले.

आबांचा पुतण्या मोबाइल काढणार एवढ्यात सम्राट उठला.

"त्यात नको आबा, त्याचा कॅमेरा बेकार आहे. मी लावतो."

गाडीतून मोबाइल लावायची तिपाई आली. सम्राटनं डोळे बारीक करून उन्हाकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं, मग माणसांकडं. गौतमीला ही नजर पाठ होती. ती पहिल्यांदाच तिला सोडून दुसऱ्यांवर पडत होती, आणि ती गंमत बघायला ती निवांत बसली.

"इथं लाइट नाही. सगळे जरा तिकडं."

सतरंज्या उचलून सगळे उन्हात गेले.

"मामा," तो सासऱ्यांना म्हणाला, "तुम्ही चष्मा काढा, चमकतोय. काकू, तुम्ही मागं. तुमचा जांभळा रंग फार अंगावर येतो." काकू गौतमीच्या बाजूची होती आणि साडी नवी होती. ती पदर आवरून मागं गेली. "आबा, तुम्ही कडेला."

"मी?"

"पांढरं धोतर आहे ना. मधे पांढरं आलं की सगळी फ्रेम खाऊन टाकतं."

"अरं, पण बैठक मी घेतली."

"कडेला पण छान दिसाल. आन् बोलू नका, तोंड अर्धवट येतं."

आबा कडेला गेले. रेल्वेत त्यांना साहेब लोकांनी असं हलवलं होतं, पण ते साहेब होते. सम्राट आला, त्यानं आबांची हनुवटी दोन बोटांनी धरून डावीकडं वळवली आणि निघून गेला. आबांची मान तशीच राहिली. डोळे मात्र वळून गौतमीकडं आले. ती त्यांच्याकडंच बघत होती.

पहिला फोटो चुलत्यानं डोळे मिटल्यामुळं गेला, दुसरा कुत्रं आल्यामुळं. तिसऱ्याला सम्राट म्हणाला, "कुणीच नॅचरल नाही. समेट झालाय ना, मग आनंद दिसू दे." उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांनी दात दाखवले. महेंद्रच्या कपाळावरून घाम नाकावर आला, पण पुसायची चोरी होती.

"शेवटचा. दहा सेकंद. हलायचं नाही."

त्यानं टायमर लावला आणि पळायला लागला. गौतमी उठली. घाई न करता तिनं पदर झटकला, सतरंजीवरून उतरली, चपला घातल्या आणि मोबाइलच्या मागं जाऊन उभी राहिली. सम्राट आपल्या जागेवर येऊन बसला, हात सवयीनं बाजूला गेला आणि हवेत टेकला. तो हसला. फोटो पडला.

तो पळत मोबाइलकडं आला. गौतमी तिथंच, हाताच्या अंतरावर उभी होती. त्यानं पडद्यावर बोटं फिरवली आणि कपाळाला आठी घातली.

"मधे गॅप पडलाय," तो म्हणाला. "आई, तू सरक मधे. हां, तिथंच. आता भरल्यासारखं वाटतंय."

भागुबाई सरकल्या. त्याबरोबर सगळ्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. सम्राटनं पुन्हा टायमर लावला, पळत गेला, आईच्या खांद्यावर हात टाकला. फोटो पडला.

म्हाळू आबा उठले. मानेला हात लावून त्यांनी ती सरळ केली.

"भरली का रं जागा?"

"भरली, आबा. एक नंबर आलाय."

"मग आता हिला कशाला न्यायची?" आबा म्हणाले. "महेंद्र, पोरीची बॅग गाडीतनं काढ."

"आबा, तुम्ही शब्द दिलाय," भागुबाई म्हणाल्या.

"मी कडेला हाय. मला बोलायचं न्हाई, आसं त्यो म्हणला."

महेंद्र उठून गाडीकडं गेले. सम्राट पडद्यावर उजेड कमीजास्त करत होता. डिकी उघडल्याचा आवाज झाला, तेव्हा त्यानं फक्त सावली पडू नये म्हणून पाठ फिरवली.

रविवारी रात्री खोलीवर शितलनं तिला सम्राटच्या पानावरचा तो फोटो दाखवला. मधोमध भागुबाई, भोवती मेलेल्या चेहऱ्यांची माणसं आणि एकटा सम्राट हसतोय. कडेला धोतराची किनार तेवढी दिसत होती, बाकीचे आबा कापले होते. खाली लिहिलं होतं, 'आपली माणसं'. चारशे जणांना तो आवडला होता.

गौतमीनं तो नीट बघितला. उजेड छान पडला होता. तेवढं त्याला येत होतं. तिनं मोबाइल शितलला परत दिला आणि सकाळच्या गाडीसाठी गजर लावला.