लाल अक्षरं वाचायची नाहीत

सोमवारी सकाळी सव्वाआठला डायलिसिस केंद्रात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बारा खुर्च्यांचे बारा पेशंट, त्यांचे नातेवाईक, दोन नर्स, झाडलोट करणाऱ्या मावशी, आणि सगळ्यांच्या माना काचेच्या केबिनकडे वळलेल्या. आत बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर, तो दुरुस्त करायला बोलावलेले दुरुस्तीमहाराज डोळे मिटून बसले होते.

"आवाज करू नका," मोठे डॉक्टर कुजबुजले. हे केंद्राचे प्रमुख. बारा माणसांचं रक्त रोज यंत्रातून फिरवणारा माणूस, आणि एका कॉम्प्युटरपुढे हात जोडून उभा.

महाराजांनी गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह काढला, कपाळाला लावला, खोचला. ओठ हलू लागले. कीबोर्डवर ते असे ओणवे झाले की बोटं कुणाला दिसू नयेत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या आणि थोड्या वेळाने आमचं ओळखीचं निळं पान उघडलं. खुर्ची, नाव, वजन, सगळं जिथल्या तिथे.

"चालू झालं!" टाळ्या पडल्या. सात नंबरच्या आजोबांची सून तर थेट महाराजांच्या पायांवर.

माझे दोन्ही हात मोकळे होते, तरी मी टाळी वाजवली नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मी निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी माझी मूत्रपिंडं निवृत्त झाली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन नंबरच्या खुर्चीत चार-चार तास. ही खुर्ची केबिनच्या दाराला लागून आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. आमचं केंद्र त्या कॉम्प्युटरवरच चालतं. कुणाची पाळी, मागचं वजन किती, अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाचा फिल्टर कुठल्या फळीवर. तो बंद पडला की कागदी फायली उपसायच्या आणि दोन तास उशीर. आमच्यासारख्यांना दोन तास म्हणजे सुजलेले पाय आणि लागलेली धाप. लोकांची भीती खोटी नव्हती, तिला मी हसणार नाही. पण त्या भीतीवर जो आपलं बस्तान बसवतो, त्याच्याबद्दल माझ्या तोंडात आजही चांगला शब्द येत नाही.

महाराज उठले आणि प्रवचन सुरू झालं. "ही प्रणाली कोणत्या भाषेत लिहिली आहे? रुबी. रुबी म्हणजे माणिक! आणि तिच्यात काय बसवतात? जेम. म्हणजे रत्नं! त्र्याहत्तर रत्नं आहेत आत. एकाचं दुसऱ्याशी बिनसलं की दोष. आणि दोष येतो कुठून?" त्यांनी पाच अंगठ्या घातलेला पंजा वर केला. "हातातून."

सगळे नोंदताईकडे बघू लागले.

नोंदताई म्हणजे आमच्या नोंदी ठेवणारी. सकाळी सातला कुलूप उघडते, बाराही जणांची वजनं तिला पाठ. गेल्या वर्षी नवरा गेला. घरात म्हातारी आई, आणि मिळवती ही एकटी.

"चार महिन्यांत चारदा बंद पडलं," महाराज म्हणाले, "आणि चारही वेळा यांच्याच हातून."

"नवराही गिळला की," सून शेजारणीच्या कानात बोलली, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पांढऱ्या पायाची आहे हो."

मोठ्या डॉक्टरांनी घसा खाकरला. "एक तारखेपासून तुम्ही तळघरात, चादरींच्या खोलीत. पत्र तयार आहे. तिथे जमलं तर बघू, नाहीतर..."

नोंदताई खाली बघत राहिली. तिने नुसती मान हलवली, आणि ती मान हलताना बघून माझं डोकं फिरलं.

"आणि एक लक्षात ठेवा," जाता जाता महाराज म्हणाले, "पडद्यावर लाल अक्षरं आली तर वाचायची नाहीत. वाचली की दोष डोळ्यांवाटे घरी जातो. ताबडतोब पडदा बंद करायचा आणि मला फोन."

वाचायचं नाही! एकतीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं की बाळांनो, आधी समोर काय लिहिलंय ते वाचा. आणि इथे शिकलेली माणसं माना डोलावत होती.

बुधवारी माझ्या डाव्या हातात सुया लागल्यावर नोंदताई वही घेऊन आली.

"बाई, तुमचं वजन..."

"माझं वजन राहू दे. सोमवारी लाल अक्षरांत काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही."

"का?"

"घरी आई आहे, बाई."

"अगं, बी.एस्सी. झालीस ना तू? मग ती पदवी काय चुलीत घातलीस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चिडले ते चुकलंच. चिडायचं होतं भीती घालणाऱ्यावर, आणि मी ओरडले भ्यालेल्या बाईवर. मी उजव्या हाताने तिचं मनगट धरलं. तिने मागे वळून बघितलं, आणि वहीचं शेवटचं पान उघडलं.

"दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा चोरून वाचलं होतं. लिहूनही ठेवलंय." तिने हळूच वाचलं. "या जेमला रुबी दोन पॉइंट सात किंवा त्यापुढची लागते. तुमच्याकडे दोन पॉइंट पाच आहे."

"म्हणजे कारण पडद्यावरच लिहिलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं, बाई?"

मी शिक्षिकेचंच काम केलं. "चारही वेळा सोमवार होता. सोमवारी असं काय असतं जे बुधवारी नसतं?"

"मी," ती लगेच म्हणाली. इतकं मुरलं होतं ते विष!

"आज काय वार आहे?"

"बुधवार."

"मग आत्ता माझ्यासमोर कोण उभं आहे?"

ती सावकाश म्हणाली, "बुधवारी मीच असते. शुक्रवारीही मीच असते." आणि आम्ही दोघींनी एकदमच केबिनच्या भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. 'सोमवारची शुद्धी. यंत्र सुरू करताच पूर्वेकडे तोंड करून पुढील ओळ टाइप करावी.' आणि खाली एकच ओळ: बंडल अपडेट. कागद महाराजांनीच लावलेला. पूर्वेसाठी टेबलही फिरवलं होतं, त्यामुळे नोंदताई चार महिने संडासाच्या दाराकडे तोंड करून काम करत होती.

"पण दर सोमवारी कुठे बिघडतं?" मी विचारलं. आता ती मला शिकवू लागली. जेम म्हणजे रत्नबित्न काही नाही, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे. आमच्या प्रोग्रामला असे त्र्याहत्तर लागतात. अपडेट म्हटलं की कॉम्प्युटर इंटरनेटवर जाऊन प्रत्येकाची नव्यात नवी आवृत्ती आणतो. बहुतेक वेळा जमून जातं. पण एखादा तुकडा आमच्या जुन्या रुबीच्या पुढे गेला की बसत नाही, आणि सगळं अडतं.

"जुन्या कुकरला नव्या मापाचं झाकण," मी म्हणाले.

"तसंच. आणि ते झाकण दर सोमवारी मीच आणायचे, बाई. शुद्धी म्हणून!"

शुक्रवारी ती आली तीच तावातावाने. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये मूळ बनवणाऱ्याने लिहून ठेवलेली चिठ्ठी तिला सापडली होती. फाइलचं नावच रीडमी, म्हणजे मला वाचा! त्यात साध्या शब्दांत होतं की अपडेट कधीही चालवू नका. एकमेकींशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी 'जेमफाइल डॉट लॉक' या फाइलमध्ये आहे, ती जपा. बिघडलंच तर तीच यादी परत ठेवा आणि बंडल इन्स्टॉल म्हणा.

"मग पुढच्या सोमवारी ती शुद्धी करूच नकोस," मी म्हणाले.

"नाही, बाई. केली नाही आणि नीट चाललं, तर म्हणतील महाराजांची कृपा. करायची. बिघडेल तेव्हा बिघडू दे, आणि सगळ्यांसमोर मी चालू करणार." तिने यादीची प्रत काढून ठेवली होती. अडगळीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तीनदा मुद्दाम बिघडवून तीनदा दुरुस्तही केलं होतं. चार मिनिटं लागत होती.

पुढच्या सोमवारी काहीच झालं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी, एक तारखेला दोनच दिवस उरले असताना, पडदा लाल झाला.

केबिनबाहेरच्या बोळात गलका झाला. मोठ्या डॉक्टरांनी महाराजांना फोन लावला, ते अर्ध्या तासाच्या अंतरावर होते. "हात लावू नका!" डॉक्टर ओरडले. पण नोंदताई खुर्चीवर बसली होती, आणि लाल अक्षरं मोठ्याने वाचत होती. इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची. सुनेने दोन्ही डोळ्यांवर पदर ओढला. नोंदताईने जुनी यादी परत ठेवली, एक ओळ टाइप केली. पांढऱ्या ओळी तशाच भराभर सरकल्या. निळं पान उघडलं.

टाळी एकही पडली नाही. चमत्कार बघायला जमलेल्या लोकांना साधं काम दिसलं की करमत नाही.

महाराज पोचले तेव्हा आम्हा बाराही जणांच्या सुया लागल्या होत्या आणि यंत्रं घुमत होती. चालू कॉम्प्युटर बघून ते क्षणभर गडबडले, पण क्षणभरच. "मी वाटेतूनच संकल्प सोडला होता," ते म्हणाले. "पोचला वाटतं."

लोकांनी 'अहाहा' केलं. मग मात्र मला राहवलं नाही. हात बांधलेला होता, तोंड नव्हतं.

"महाराज, मग आणखी एकदा होऊन जाऊ द्या! आमच्या सुया लागल्यात, आता चार तास कॉम्प्युटरवाचून कुणाचं अडत नाही. नोंदताई भिंतीवरची ओळ टाकून बिघडवेल. तुम्ही दुरुस्त करा. फक्त पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून."

"देवाची परीक्षा घेता?"

"देवाची कुठे? तुमची घेते!"

नोंदताईने शुद्धी केली. पडदा लाल. महाराजांनी पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला. "हे माझं साधन आहे. याच्याशिवाय शक्ती उतरत नाही."

"मग साधनात काय आहे ते तरी बघू," नोंदताई म्हणाली. तिने हात पुढे केला.

"दाखवा ना, महाराज," मोठे डॉक्टरही म्हणाले. "दाखवायला काय हरकत आहे?" भोळेपणानेच म्हणाले बिचारे. सगळे वाट बघत होते. शेवटी डॉक्टरांनीच मुठीतून तो हळूच सोडवून घेतला.

पेनड्राइव्हमध्ये दोन फाइली होत्या. पहिली, जेमफाइल डॉट लॉक. नोंदताईने स्वतः काढून ठेवलेली प्रत शेजारी उघडली. त्र्याहत्तर नावं, त्यापुढचे आकडे, ओळीला ओळ तीच. दुसरी फाइल होती रीडमी, बनवणाऱ्याची ती चिठ्ठी. अपडेट कधीही चालवू नका, असं लिहिलेली.

म्हणजे याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बिघडवणारी ओळ यानेच भिंतीवर लावली, दुरुस्तीची यादी गळ्यात अडकवली, आणि मधे वाचायला बंदी घातली. धाप लागलेली माणसं बोळात ताटकळत राहिली, एका बाईच्या कपाळी अपशकुन चिकटवला, कशासाठी? तर याचे पाय धरले जावेत म्हणून.

"यंत्राचा कोप होईल," असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला. पेनड्राइव्ह मागायचंही त्याला सुचलं नाही. नोंदताईने यादी परत ठेवली, चार मिनिटांत निळं पान उघडलं.

"झालं गेलं विसरून जाऊ," मोठे डॉक्टर म्हणाले. "ते पत्र फाडून टाकतो."

"फाडू नका," नोंदताई म्हणाली. "त्याखाली लिहा की तुमची चूक झाली. सही करा आणि भिंतीवर लावा. माझ्याबद्दल बोलताना कुणी दार लावून बोललं नव्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यांनी पेन काढलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बुधवारी तीच सून केबिनमध्ये शिरली आणि नोंदताईच्या पायांवर वाकली. "ताई, मी चुकले. खरी शक्ती तुमच्या हातात आहे. माझा फोन सारखा अडतो, एकदा हात ठेवा त्यावर."

नोंदताईने पाय असे मागे घेतले की खुर्ची आपटली. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"परवापर्यंत माझा हात लागला की बिघडत होतं, आणि आज लागला की दुरुस्त होतं? हात तोच आहे! तेव्हाही माणसाचा होता, आजही माणसाचाच आहे. उठा आधी. फोनवर काय आलंय?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"वाचता येतं ना? वाचा."

सुनेने फोन डोळ्यांजवळ नेला. "फोनमध्ये... जागा शिल्लक नाही."

"मग काय करायला हवं?"

"फोटो काढून टाकायला हवेत काही."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कुणी नाही. माझं मलाच कळलं."

"मग माझ्या पायांवर कशाला आलात?"

सून उभी राहिली ती खाली बघतच. मला तिची कीव आली नाही, आणि आली असती तरी दाखवली नसती. एक बुवा गेला की दुसरा शोधणारी ही सवय बुवापेक्षा घातक आहे, कारण तीच त्याला जन्माला घालते.

माझं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून फिरतं. मी त्या यंत्रावर जीव टाकून बसते, पण ते कुणाच्या शक्तीने चालतं म्हणून नव्हे. ते कुणीतरी समजून बनवलं, त्याची मापं लिहून ठेवली, आणि चुकलं तर कुठे चुकलं हे ते स्वतःच सांगतं, म्हणून. तेव्हा बिघाड झाला तर आधी वाचा, मग विचारा, मग एकेक गोष्ट बदलून बघा. आणि कुणी म्हणालं की वाचू नका, विचारू नका, दोष त्या बाईचा आहे, तर त्या बाईला तिथून हलवू नका. त्या माणसाला आधी हलवा.