बॉनेटला हात लावून काही कळत नाही

मी एक पिकअप बोलतोय. डिझेलवर चालणारा, पांढऱ्या रंगाचा, लखनौचा नंबर असलेला. 'चालणारा' हा शब्द मी जरा सढळ हाताने वापरला आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म पुण्याजवळ चाकणला एका कारखान्यात झाला. कानावर पडलेला पहिला शब्द मराठी होता आणि ती शिवी होती. माझा मागचा फाळका नीट बसत नव्हता, म्हणून एका फिटरने ती मला दिली. मातृभाषा म्हणून मी ती आजवर जपून ठेवली आहे. पुढे मला एका मोठ्या ट्रेलरवर चढवून लखनौला पाठवलं. एवढा मोठा प्रवास, पण मी स्वतःच्या चाकांवर केला नाही. आयुष्याची सुरुवातच दुसऱ्याच्या पाठीवर झाली म्हणायची.

पहिले मालक लखनौच्या महानगर नावाच्या भागातले गाद्या-रजयांचे व्यापारी होते. जाहिरातीत माझ्यासारखे पिकअप डोंगर चढतात, नद्या ओलांडतात. मी कापूस वाहिला. तरी चढावर धापा टाकायचो आणि दोष रस्त्याला द्यायचो.

दुसऱ्या मालकांनी माझी हौस फेडली. ते बांधकामाचं सामान पुरवायचे. वाळू (इकडे तिला मौरंग म्हणतात), विटा, सळया. वजनाची मर्यादा माझ्या दारावर रंगवलेली होती, ती त्यांनी शोभेची समजली. माझे स्प्रिंगचे पाटे बसले, तेव्हा त्यांनी प्रत्येक बाजूला एकेक जादा पाटा घातला आणि म्हणाले, "अब ठीक है." तेव्हापासून रिकामा असलो की मी बोकडासारखा उड्या मारत चालतो.

तिसरे पाण्याचे जार पोचवायचे. जार गळायचे, पाणी हौद्यात साचायचं, वर रबराची चटई. चटईखाली काय चाललंय हे मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पत्रा इतका गंजला की एका जागी बोट आरपार जाई.

असा तीन संसार केलेला मी शेवटी तेलीबागेत हरिहर भैयाच्या वाड्यात, म्हणजे जुन्या गाड्यांच्या आवारात, येऊन पडलो.

हरिहर भैया माणूस गोड. रोज सकाळी माझ्याकडे बघून उसासा टाकायचा आणि कामाला लागायचा. त्याने माझ्या चासीला काळा रंग फासला, गंज दिसेनासा झाला. टायरना पॉलिश लावलं. इंजिनात जाड ऑइल ओतलं, धूर जरा दबला. मीटर मागे फिरवून माझं वय निम्म्यावर आणलं. केस काळे करून बोहल्यावर चढणारा म्हातारा कसा दिसतो, ते पाहायचं असेल तर त्या दिवसांत मला पाहायला हवं होतं. आणि लाज वाटायच्या ऐवजी मी शेजारच्या गाडीच्या काचेत स्वतःला न्याहाळत होतो.

गिऱ्हाईकं यायची. माणसं जुनी गाडी कशी घेतात हा मोठा मौजेचा विषय आहे. प्रत्येक जण आधी टायरला लाथ मारतो. का मारतो ते त्यालाही माहीत नसतं, पण लाथ मारल्याशिवाय गाडी पाहिल्यासारखं वाटत नाही. मग दार दोनदा आपटतो. हॉर्न वाजवतो. "एव्हरेज क्या देती है?" असं विचारतो आणि जे उत्तर मिळेल त्यावर मान डोलावतो. चटई कुणी उचलत नाही. गाडीखाली वाकून कुणी बघत नाही, पँट मळते. चासीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का, कागदावर बँकेचा बोजा अजून आहे का, फिटनेस कधी संपतोय, हे विचारणारा तर मी पाहिलाच नव्हता. तरीही मला कुणी घेतलं नाही. तपासणी न करणाऱ्यांनाही मी नकोसा होतो, यावरून काय ते समजा.

एक दिवस हरिहर भैया माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "बेटा, दशहरे तक बिक जा. नहीं तो कबाड़ी वाला कब से पूछ रहा है."

अष्टमीला ती तिघं आली आणि माझ्या कानावर कितीतरी वर्षांनी शिवी नसलेलं मराठी पडलं.

"नेत्रा, घाई करायची नाही. गाडी मी तपासणार."

हे लक्ष्मीकांत होनराव. मूळ सोलापूरचे, रेल्वेत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर बांधून इथेच राहिले. बरोबर पत्नी कांचनताई आणि मुलगी नेत्रा. नेत्राला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी. लखनौत वाढलेली मुलं तशीच बोलतात.

त्यांच्या बोलण्यावरून मला एवढं कळलं की नेत्राने नोकरी सोडून रोपांची नर्सरी काढली आहे. लग्नसराईत मांडवांना कुंड्या भाड्याने देते. गेल्या हंगामात भाड्याच्या टेम्पोवाल्याने ऐन वेळी दुसरं भाडं घेतलं, रोपं दुपारभर उन्हात उभी राहून करपली आणि मोठं काम हातचं गेलं. आता हिवाळ्यातल्या लग्नांच्या आत स्वतःची गाडी हवी होती. हाही हंगाम बुडाला तर नर्सरी बंद करून पुन्हा नोकरी शोधायची, असं बापलेकीत ठरलं होतं.

होनरावांनी मला गोल चक्कर मारून पाहिलं. टायरला लाथ मारली. (रेल्वेचे इंजिनिअर झाले तरी माणूसच.) मग नेत्राच्या जवळ सरकून, पण चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हा माणूस मला बनेल वाटतो. डोळे बघ, दुधावर टपलेल्या मांजरासारखे."

"पापा, धीरे बोलिए."

"अगं, त्याला काय कळतंय मराठी! ऐक. इंजिन नेहमी थंड असताना बघायचं. गरम इंजिन कुठलंही लगेच सुरू होतं. आता आपण नुसतं बघून घेऊ म्हणायचं, आणि उद्या सकाळी सातला न सांगता यायचं. उद्या खंडेनवमी आहे, जमलं तर पूजाही उरकू."

हरिहर भैया चहा ओतत होता. त्याच्या हातातली किटली जराही हलली नाही.

हरिहर भैयाने उमेदीची कितीतरी वर्षं पुण्याजवळ भोसरीत टेम्पो चालवला होता, हे त्या तिघांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्यावर चिडला की तो मला मराठीतच शिव्या घालायचा, आणि खरं सांगतो, मला घरी आल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच हजर झाला. माझं बॉनेट वर करून ठेवलं, म्हणजे पत्रा तापणार नाही, आणि मला सुरू केलं. सुरू केलं म्हणजे काय, बॅटरीची विनवणी केली. मी खोकलो, ढेकर दिली, आवारभर पांढरा धूर सोडला आणि मग कुठे सुरू झालो. बराच वेळ मला तसाच धडधडत ठेवला. रस्त्याच्या टोकाला त्यांची स्कूटर आणि मागून ई-रिक्षा दिसली, तेव्हा मला बंद करून बॉनेट खाली केलं आणि पत्र्यावर ओलं फडकं फिरवलं.

होनराव आले. थेट माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि समाधानाने मुलीकडे पाहिलं. "थंडगार."

किल्ली फिरवली. मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो. धूर नाही, खोकला नाही. त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच क्षणभर वाटलं, आपण खरोखर चांगले आहोत. एवढ्या वर्षांनी मराठी माणसं भेटली होती आणि मी त्यांनाच फसवत होतो. वाईट वाटत होतं. पण भंगारवाल्याचा हातोडा आठवला की वाईट वाटणं जरा कमी व्हायचं.

"घ्यायला हरकत नाही," होनराव म्हणाले आणि मला बंद केलं.

"थांबा," कांचनताई पुढे आल्या. त्यांच्या हातात तबक होतं. हळद, कुंकू, झेंडूची दोन फुलं, नारळ. "आधी पूजा. बॉनेट उघडायला सांगा."

हरिहर भैया गडबडला. भोसरीत त्याने खंडेनवमी पाहिली होती, गाड्यांच्या तोंडावर झेंडूचे हार चढतात हे त्याला माहीत होतं. "अम्मा, ऊपर ही लगा दीजिए ना. अंदर तो कालिख है."

"नहीं भैया. इनके वर्कशॉप में सीधे मशीन को लगाते थे," कांचनताई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "कुंकू यंत्राला लावायचं असतं, पत्र्याला नाही. इतकी वर्षं तुमच्या लेथला मीच लावत आले ना?"

होनरावांनी स्वतःच बॉनेट उघडलं. कांचनताईंनी पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या इंजिनाच्या माथ्यावर टेकवलं.

कुंकू चर्रकन वाळलं. कांचनताईंनी हात झटक्यात मागे घेतला आणि बोट तोंडात घातलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, हे चांगलं तासभर चाललेलं आहे."

होनराव खाली बघू लागले. मग वर बघू लागले. मग मराठीतच तणतणले, "पण याला कळलं कसं आपण येणार ते?"

"काका, बसा," हरिहर भैया मराठीत म्हणाला. "मी बनेल आहे, पण चहा चांगला पाजतो."

 होनराव आदल्या दिवशी काय काय बोललो ते एकेक आठवत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मांजराशी येऊन ते थांबले असावेत, कारण तिथे त्यांनी डोळे मिटले. पहिली हसली ती नेत्रा. मग कांचनताई, बोट पाण्यात बुडवून.

हसून झाल्यावर नेत्राने माझी किल्ली काढून आईच्या तबकात ठेवली. "चाबी हमारे पास रहेगी. कल सुबह फिर आएँगे, मिस्त्री के साथ."

 हरिहर भैयाने खिशातून दुसरी किल्ली काढून तीही तबकात टाकली. "ही पण घ्या. नाहीतर काकांना झोप लागायची नाही."

दसऱ्याच्या सकाळी मी दगडासारखा थंड होतो. नेत्राने किल्ली फिरवली. मी जीव तोडून प्रयत्न केला. प्रामाणिकपणाचा नव्हे हो, फसवण्याचाच. एकदा, फक्त एकदा पटकन सुरू व्हावं म्हणून सगळे नटबोल्ट आवळून धरले. जमलं नाही. चौथ्या खेपेला सुरू झालो तेव्हा होनराव धुरात दिसेनासे झाले होते.

मग मिस्त्रीने मला उघडा पाडला. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तर आतून भसाभसा वाफारा आला, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं. चटई उचलली. गाडीखाली सरपटत जाऊन काळा रंग खरवडला. जादा पाटे दाखवले. क्लच आणि ब्रेकचं पेडल इतकं झिजलेलं आणि मीटर इतकं कोवळं, हे पाहून तो नुसता हसला. शेवटी म्हणाला, "चासी सीधी है, गियर अच्छे हैं, काग़ज़ साफ़ हैं. इंजन खुलेगा, हौदे में पत्रा लगेगा." माझ्याबद्दल कुणी 'अच्छा' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून पहिली तीन वाक्यं मी मनात पुन्हा पुन्हा म्हटली.

"चला," होनराव म्हणाले. "दसऱ्याला लोक सोनं लुटतात. आपण भंगार घ्यायचं का?"

नेत्रा जागची हलली नाही. आवारातल्या चकचकीत गाड्यांवरून तिने नजर फिरवली. "पापा, बाकी सब का मेकअप देखा है. मुँह धोकर तो बस यही सामने आई है. इसमें क्या ख़राब है, अब हमें सब पता है."

होनरावांनी पुन्हा एकदा माझ्याभोवती चक्कर मारली. मग त्यांनी हरिहर भैयाला विचारलं, आणि या खेपेला हळू आवाजात, "इंजिन आमच्यासमोर उघडून करून द्याल?"

"समोर बसा, काका. पैसे काम झाल्यावर."

होनराव रोज डबा घेऊन येऊन बसले. माझ्या पिस्टनच्या रिंगा बदलल्या, हीटर प्लग बदलले, नोझल दुरुस्त झाले, हौद्याला नवा पत्रा आला. दोघं मराठीत भांडत बसायचे. भोसरीची मिसळ चांगली की सोलापूरची शेंगाचटणी, हा वाद माझं इंजिन जोडून झालं तरी मिटला नव्हता.

हिवाळ्यात मी कुंड्या वाहिल्या. शेवंती, पाम, मोठाली फर्न. धुक्याच्या सकाळीसुद्धा नेत्रा आधी थंड इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबते, मगच किल्ली पुढे फिरवते. माझ्यासाठी थांबणारं माणूस मला पहिल्यांदाच मिळालं. एकदा मी रायबरेली रोडवर रुसलोही, पण ती चूक डिझेलच्या फिल्टरची होती, असं माझं म्हणणं आहे. रोपं वेळेवर पोचली. हंगाम चांगला गेला. नर्सरीच्या फाटकावर आता नवी पाटी आहे.

तुम्ही जुना पिकअप घ्यायला निघाला असाल, तर माझं ऐका. टायरला लाथ मारायचीच असेल तर मारा, आम्हाला सवय आहे. पण मग चटई उचला, खाली वाका, पँट मळू द्या. आणि हात बॉनेटवर नको, आत इंजिनावर ठेवा. आमच्यासारख्यांच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. आम्हाला विकलं जायचं असतं, तेव्हा आम्ही काहीही करतो.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. मी कालपासून उभा आहे, कुणी मला हात लावलेला नाही. कांचनताई तबक घेऊन आल्या. मागून होनराव आले, आणि त्यांच्यामागून मिठाईचा डबा घेऊन हरिहर भैया. नेत्राने बॉनेट उघडलं.

कांचनताईंनी आधी नुसतं बोट टेकवलं, घाबरत घाबरत. मग पूर्ण तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग कुंकू लावलं.

नेत्रा किल्ली घेऊन बसली. मला धाकधूक होती, कारण या वेळी आधी कुणी काही करून ठेवलेलं नव्हतं. हीटरचा दिवा विझला. "चल रे बाबा," ती पुटपुटली. मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं मराठी.

मी सुरू झालो. थोडा खोकलो, नाही असं नाही. माथ्यावरचं कुंकू अजून ओलं होतं, इंजिनाच्या थरथरीने त्याचा एक ओघळ हळूहळू खाली उतरला, आणि तो कुणी पुसला नाही.