करडीच्या तेलावरची लारी

गंगाखेडच्या अलीकडं माळावर दिनकररावांचा सरकी काढायचा कारखाना होता. त्याच्या आवारात मल्हारी एकटा राहायचा. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक डिझेलची लारी दिनकररावांनी घेतली होती, आणि ती चालवायला मल्हारीला हैदराबादहून आणलं होतं. जातीनं तो धनगर. भाऊ मेंढरं घेऊन बालाघाटात हिंडायचे. हा पोरवयात मोटारीच्या नादाला लागला आणि कळपातून सुटला तो सुटलाच. लग्नाचं दोनदा जमत आलं आणि मोडलं. मुलीकडच्यांनी घर कुठं म्हणून विचारलं की हा लारीकडं बोट दाखवायचा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या सरहद्दीपलीकडून माल येणं बंद झालं. मीठ मिळेना, रॉकेल मिळेना, डिझेलचं तर नावच नको. त्यात रझाकारांच्या बातम्या यायच्या. भीतीनं गाव रिकामं होत गेलं. दिनकररावही बायकापोरं घेऊन बैलगाड्यांनी बार्शीकडं निघाले.

"आवार संभाळ, मल्हारी," ते म्हणाले. "तुझ्या भरवशावर सोडून जायलोय."

गावात म्हातारीकोतारी उरली. आणि उरली कारखान्यामागची तानुबाई तेलीण. तिचा नवरा वारला होता, गुडघे धरले होते, पण घाणा तिनं चालू ठेवला होता. एकुलती एक लेक कस्तुरा सोनपेठला दिलेली. बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते.

गाड्या गेल्यावर आवारात इतकी शांतता झाली की मल्हारीला घाण्याचा करकर आवाज दिवसभर ऐकू यायला लागला. तो ऐकताना त्याला एक गोष्ट आठवली. हैदराबादच्या कारखान्यात एका मिस्त्रीनं असलंच इंजिन शेंगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तो उठून तानुबाईकडं गेला.

"मावशी, थोडं तेल द्या. लारीत घालून बगतो."

"लारीत?" तानुबाईनं बैल थांबवला. "आरं, लारी हाकायचीय का भजी तळायचीत?"

"चालतंय म्हनं."

ती बराच वेळ हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "चाललं तर मला सोनपेठला नेऊन सोड. पोरीची सासू न्हाई. बाळंतपनाला कुनी बाईमानूस न्हाई तिच्याजवळ. ह्या गुडघ्यांनी मी चालत कशी जाऊ?"

मल्हारी कामाला लागला. करडीचं तेल डिझेलपेक्षा जाड. ते बारीक नळीतून सरकेना. इंजिन खोकायचं, पांढरा धूर ओकायचं आणि गप्प व्हायचं. मग त्यानं भंगारातून तांब्याची नळी काढली आणि धूर सोडणाऱ्या तापल्या पाइपाभोवती तिचे वेढे दिले. तेल त्यातून जाताना गरम होऊन पातळ व्हायचं. जुन्या धोतरातून गाळून गाळून त्यानं तेल पिंपात भरलं. तरी इंजिन थंड असताना तेल घेईना. सुरुवातीला डिझेलच लागे. इंजिन तापलं की तोटी फिरवून तेल सोडायचं, आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर आणायचं. नाहीतर तेल नळ्यांत चिकटून बसायचं. म्हणजे दर खेपेला थोडं डिझेल जायचं, आणि ते एका डब्यात तळालाच होतं.

ह्या कामात त्याच्या जेवणाची सोय तानुबाईकडंच झाली. दोघं घाण्याच्या सावलीत बसायची. ती कस्तुराच्या लहानपणीचं सांगायची, मल्हारी त्याच्या आईचं सांगायचा. आईविषयी आपण कुणाशी बोललोच नव्हतो, हे त्याला सांगता सांगता कळलं.

एक दिवस तानुबाई नदीवर धुणं घेऊन गेली असताना इंजिन तेलावर लागलं आणि लागूनच राहिलं. ना खोकला, ना अडखळ. लग्नघराच्या चुलाण्यासारखा वास आवारभर सुटला. मल्हारी एकटाच मोठ्यानं ओरडला. मग चालकाच्या जागेवर बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं इंजिन बंद केलं.

तानुबाई आली. "काय म्हनतीय लारी?"

"न्हाई अजून. नळीत कचरा अडकायलाय."

बोलणं इतकं सहज निघालं की तोच चपापला. पण मागं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती नसली की तो इंजिन सुरू करायचा, त्याचा आवाज ऐकत बसायचा, आणि ती यायच्या आत बंद करायचा. अजून नीट तपासायला पाहिजे, असं तो मनाला सांगायचा.

एकदा ती अर्ध्या वाटेवरून परत आली. इंजिनाच्या आवाजात मल्हारीला पावलं ऐकू आली नाहीत. वळून बघतो तर ती लारीला हात लावून उभी. त्यानं घाईनं तोटी फिरवून इंजिन बंद केलं.

"कवापासून चालायलंय हे?"

मल्हारीनं मान खाली घातली. "झाले की काई दिस."

"माझी लेक तिकडं एकटी हाय, मल्हारी."

"तुमी गेल्यावर मी हितं कुनाशी बोलू, मावशी?"

तानुबाई पायरीवर बसली. तिनं पदरानं तोंड पुसून घेतलं. मग उठून म्हणाली, "उद्या सकाळी निघू. बैल बी घ्यावा लागंल."

सकाळी फळ्या लावून बैलाला लारीत चढवला. मल्हारीनं डबा कलता करून बघितला. एकदा सुरू करण्यापुरतंच डिझेल होतं.

वाटेत रानं मोकळी होती. लारीचा आवाज ऐकून लोक आधी घरात पळायचे, मग तळणाचा वास आला की दारातून डोकावायचे. तानुबाईला त्याचं हसू येत होतं. मल्हारी रस्त्याकडं बघत होता.

सोनपेठला कस्तुरा पोट सावरत अंगणात आली आणि आईच्या गळ्यात पडली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. जावयानं बैल उतरवला. मल्हारी खाली उतरला नाही.

"दादा, या की जेवायला!" कस्तुरानं हाक मारली.

"इंजिन बंद करता येत न्हाई!" तो आवाजावरून ओरडला. "परत सुरू व्हायचं न्हाई!"

तानुबाई लारीजवळ आली. "डिझेल सरलं?"

त्यानं मान हलवली. ते कुठं सरलं हे तिला सांगावं लागलं नाही.

"मग ऱ्हाऊ दे बंद. ऱ्हा हितंच चार दिस."

मल्हारीचा हात तोटीपर्यंत गेला. अंगणात कस्तुरा आईचं गाठोडं सोडत होती, जावई बैलाला दावं बांधत होता. तिथं आपण कुठं बसणार, हे त्याला कळेना. "आवार उघडं हाय," तो म्हणाला. तिनं भाकरी बांधलेला धडपा खिडकीतून आत दिला आणि आणखी काही बोलली. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. त्यानं "हां, हां" म्हटलं आणि लारी वळवली.

आवारात येऊन त्यानं इंजिन तसंच चालू ठेवलं आणि त्या आवाजात भाकरी खाल्ली. पिंपातलं तेल संपलं तेव्हा ते आपोआप थांबलं. राहिलेलं तेल नळ्यांत डिंकासारखं थिजलं.

श्रावणात सोनपेठकडून आलेल्या एका वाटसरूनं निरोप दिला, कस्तुराला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मल्हारीला इतका आनंद झाला की त्याला बसवेना. कुणाला तरी सांगावं म्हणून तो गावात गेला. घरांना कड्या होत्या. वेशीपाशी म्हातारा, विसराळू मुंजाजी एकटा ऊन खात बसला होता.

"आबा, कस्तुराला पोरगी झाली!"

म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरून त्याच्याकडं बघितलं. "कोन कस्तुरा?"

मल्हारी त्याच्या शेजारी बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.