आभार मानल्यावर

कलाव्यवस्थापन शिकणाऱ्या वीब्काने एकटीने आखलेली ही पहिलीच मैफल. रंगमंचावर जाण्याआधी गायिका लोरेंत्सेनबाई तिच्या डाव्या खांद्यावरून कलाकारांची जर्मन शुभेच्छा पुटपुटल्या, "तोय, तोय, तोय!"

घाबरलेल्या वीब्काच्या तोंडून निघून गेलं, "थँक्यू!"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बये, या शुभेच्छेबद्दल आभार मानतात का कधी? आता काहीतरी विपरीत होणार!"

बाई गात होत्या तोवर वीब्का त्यांना द्यायचा फुलांचा गुच्छ घेऊन विंगेत उभी राहून वरच्या दिव्यांकडेच बघत होती. आत्ता पडेल, मग पडेल! पण काहीच पडलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बाई फुलांसाठी हात पुढे करून थांबल्या.

वीब्काने खाली पाहिलं. भीतीने छातीशी आवळलेल्या गुच्छाचा पार चोळामोळा झाला होता.