मोरपंखीवरचा काप

चाळीस वर्षं ज्याच्या हाती लोकांनी डोकी निर्धास्त सोपवली, त्या न्हाव्याचा उजवा हात महिनाभर थरथरत होता. सांगणार कोणाला? बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. आणि कात्री सुटली तर या माणसाचं मागे उरतं काय?

शेवटी त्याने ठरवलं, हात चालतो की नाही याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नको, बायकोच्या मोरपंखीवर. फाटकाशेजारचं ते झाड तिने वीतभर रोपापासून नऊ वर्षं वाढवलं होतं. जाताना बजावलंही होतं, "पाणी घाला, बाकी हात लावू नका." पण ऐकतील तर नवरे कसले!

मोठी कात्री घेऊन त्याने सुरुवात केली. झाड खालून वर छान निमुळतं होत गेलं. न्हावी खूश, शीळसुद्धा घातली त्याने. अन् तेवढ्यात हाताला हिसका बसला. कचकन एक अख्खी फांदी खाली! आत हे भगदाड, नुसत्या तपकिरी काड्या.

"येईल की महिन्याभरात," तो पुटपुटला. केसांचाच हिशेब डोक्यात. नर्सरीवाल्याला विचारलं, तर त्याने नकारार्थी मान हलवली. "काका, मोरपंखीला जुन्या लाकडावर हिरवं फुटत नाही. शेजारच्या फांद्या ओढून बांधा. झाकेल दोन-तीन वर्षांत."

टकलावर चार केस आडवे बसवायची सवय होतीच. त्याने फांद्या सुतळीने बेमालूम बांधल्या. गाठी मारायला मात्र अर्धा तास लागला.

बायको आली आणि फाटकातच थबकली.

"हे काय केलंत?"

"जरा... नीटनेटकं केलं."

"नऊ वर्षं जिवापाड जपलं मी याला, आणि तुम्ही..." तावातावाने तिने फांद्या बाजूला सारल्या, वाकून आतला काप बघितला. मग तिचा आवाज एकदम उतरला. "असा वेडावाकडा काप तुमच्या हातून जायचा नाही. हात दाखवा बघू."

त्याने खिशातून हात काढला.

"दुकानात कोणाला लागलं?"

"नाही गं. लागू नये म्हणूनच तर आधी झाडावर करून बघितलं."

तिने तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "माझं झाड होतं म्हणून निभावलं. एखाद्याचा कान असता म्हणजे?"

न्हावी हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. "दुकान बंद करावं लागेल गं."

"उद्या आधी डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "मग लागलंच तर दुकानाची पाटी मी उतरवते. तुम्ही नुसते सोबत उभे राहा."