आजी कुठायत?

साप्ताहिकाच्या कचेरीतून दर वर्षी पानगळ सुरू झाली की एक खास पान निघायचं. पोराबाळांना घेऊन रविवारी कुठे जायचं, याची यादी. तळ्यातल्या होड्या, रानातली छोटी आगगाडी, भोपळ्यांचं शेत, मक्यातला भुलभुलैया. आणि सगळ्यात वर, पहिल्या जागी, टेकडीमागची सफरचंदांची बाग. अठरा वर्षं हे पान ताईच काढत आली होती. ताई म्हणजे सगळ्या कचेरीची ताई. संपादकसुद्धा तिला ताईच म्हणायचे आणि जरा दबकूनच म्हणायचे. बाग दर वर्षी पहिली का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

कारण साधंच होतं. ताई सहा वर्षांची असल्यापासून त्या बागेत जात होती. आई, बाबा, ती आणि धाकटा भाऊ, चौघं एका खटारा गाडीत कोंबून. मागच्या सीटवर उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि त्यावरून बहीणभावांची मारामारी. टेकडी ओलांडली की काचा खाली करायच्या, कारण सफरचंदांचा वास बाग दिसायच्या आधी यायचा. मग पेंढा घातलेल्या ट्रॉलीत बसून झाडांपर्यंत फेरी. ट्रॅक्टर चालवणारा माणूस घुम्या. त्याच्या तोंडून शब्द ऐकल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. सगळं बोलणं त्याची बायको करायची, आणि दोघांच्या वाटणीचं करायची!

"ए मुंगळ्यांनो! आधी खालची तीन उचला, डुकरांच्या टोपलीत टाका, मग झाडाला हात लावा!"

हा त्या बागेचा कायदा. पडलेली तीन डुकरांसाठी उचलल्याशिवाय झाडावरचं एक तोडायचं नाही. मंत्र्याचा मुलगा असला तरी सुटका नाही. पोरांची नावं तिच्या ध्यानात राहायची नाहीत, पण कोणाचा दात पडला, कोणाला बहीण झाली, कोण मागच्या वर्षी रडत गेलं, ते सगळं पाठ. तेव्हा ती मावशी होती. ताई स्वतःच्या मुलीला घेऊन जाऊ लागली तोवर ती आजी झाली, आणि ट्रॅक्टरवाले आजोबा.

यंदा पान काढायच्या आधी ताईने नेहमीप्रमाणे बागेत फोन लावला. फोन चक्क आजोबांनी उचलला.

"ती गेली," आजोबा म्हणाले. "मार्चमध्ये. बाग बंद ठेवणार यंदा. छापू नका."

"आजोबा... अहो, कसं झालं हे?"

"झालं." मग एकदम म्हणाले, "सफरचंदांचं काही नाही हो. पण माणसं येणार, आणि दर गाडीतून एकच, आजी कुठायत? किती जणांना सांगू मी? मला नाही जमायचं."

"तुम्ही काळजी करू नका. मी स्वतः काढून टाकते ती नोंद," ताई म्हणाली, आणि फोन ठेवून स्वच्छतागृहात जाऊन रडून आली. आल्यावर आधी तिने ती नोंद काढून टाकली. शब्दाला पक्की बाई!

पण पान लावायचं काम कचेरीतल्या काकांचं. काकांनी तीस वर्षांत एक गोष्ट कधी सहन केली नाही, ती म्हणजे पानावरची मोकळी जागा. पान लावायला बसले, तर वरच चार बोटं भोक! ताई दातांच्या डॉक्टरकडे गेलेली, छापखान्यातला माणूस डोक्यावर उभा. काकांनी मागच्या वर्षीचं पान उघडलं, बागेची नोंद उचलली आणि भोक बुजवलं. ताईने परत येऊन पान तपासलं नाही असं नाही. ओळ न् ओळ तपासलं. पण अठरा वर्षं जी नोंद त्या जागी बघितली ती तिथे दिसली, आणि तिचे डोळे आपल्याच घरात फिरावं तसे त्यावरून निवांत फिरून गेले. ती नोंद नसती, तर तिला खटकलं असतं.

शनिवारी सकाळी घरी चहा पिताना तिने अंक उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बागेत फोन लावला, एकदा, दोनदा, दहादा. कोणी उचलेना. संपादकांना लावला.

"पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ की, ताई."

"पुढचा अंक पुढच्या शनिवारी, साहेब! माणसं उद्या जाणार आहेत!"

मग काकांना लावला आणि असा काही लावला की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या.

"अहो, चार बोटं जागा होती," काका पलीकडून कसेबसे म्हणाले. "काय माझा फोटो लावायचा होता तिथे?" आणि सगळी हकिगत ऐकल्यावर खालच्या आवाजात, "उद्या किती वाजता निघायचंय? मीही येतो."

रविवारी साडेआठला दोघं बागेच्या फाटकाशी पोचली. ताईने रात्री बसून पुठ्ठा रंगवला होता, 'बाग बंद आहे'. पण फाटकाशी आधीच तीन गाड्या उभ्या! पहिल्या गाडीतून एक लहानगी टोपली घेऊन उतरलीसुद्धा. ताईने पुठ्ठा छातीशी धरला आणि समजावायला सुरुवात केली. लहानगीचा ओठ थरथरायला लागला. तिचे वडील म्हणाले, "अहो पण पेपरात आलंय ना!" काका बुटांकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात आतून ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. आजोबा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना रस्ता दिसायचा. ताईला वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. पुढे जाऊन तिने एका दमात सगळं सांगून टाकलं: तुम्ही नको म्हणाला होतात, तरी छापून आलं, चूक आमची आहे, मी एकेकाला परत पाठवते, तुम्ही आत जा.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मग गाड्यांकडे, मग त्या लहानगीकडे. बागेत झाडं लगडून वाकली होती. खाली लालभडक सडा पडून कुजत होता.

"एवढ्या लांबून आलेत," ते म्हणाले. "पोरांना कसं परत पाठवायचं? पण मला..." ट्रॅक्टरच्या चाकावर ते नुसती बोटं आपटत राहिले.

"कोणी विचारणार नाही," ताई म्हणाली. "मी फाटकातच सांगते सगळ्यांना. आत एक शब्द कोणी काढणार नाही. माझी जबाबदारी."

आजोबांनी मान हलवली आणि ट्रॉलीत पेंढा भरायला गेले.

दिवसभर ताई फाटकात उभी राहिली. दर गाडीची काच खाली व्हायची, आणि "नमस्कार, आजी कुठायत?" हे ठरलेलं यायचं. ताई सांगायची. मोठी माणसं आजीबद्दल काही बोलायची, कोणी गाडीतून उतरून तिचा हात धरायचं. सगळ्यांना ती शेवटी म्हणायची, "आत आजोबांना काही विचारू नका हं. त्यांना सोसवत नाही." दहाव्या गाडीपर्यंत तिचा आवाज बसला. विसाव्या गाडीपर्यंत रडू येईनासं झालं, नुसतं डोकं दुखत होतं. आत काका टोपल्या वाटत होते आणि वजनकाट्यावर जन्मात पहिल्यांदाच सफरचंदं तोलत होते, तेही चुकीचं. पोरं मात्र न सांगता आधी खाली वाकत होती. तीन उचलायची, डुकरांच्या टोपलीत टाकायची, मगच झाड. कुठली नवी पोरं थेट फांदीला लोंबकळली, तर जुनी पोरं त्यांच्या अंगावर ओरडत होती. ताईला फाटकातून ते ऐकू येत होतं, आणि आपणही सहा वर्षांचं होऊन त्या ट्रॉलीत आईच्या मांडीला टेकून बसावं, असं तिला फार फार वाटलं. आईला जाऊनही आता सात वर्षं झाली होती.

ऊन उतरलं. शेवटची गाडी गेली. काका आत टोपल्या रचायला लागले. ताई पाय ओढत ट्रॅक्टरपाशी आली. आजोबा इंजिन बंद करून वरच बसले होते.

"बघा आजोबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिला जरा अभिमानही वाटत होता. "पस्तीस गाड्या आल्या. एकाने तरी विचारलं का?"

"नाही," आजोबा म्हणाले. "एकानेही नाही."

ते खाली उतरले. ताईने आधाराला हात पुढे केला. तो न धरता ते ट्रॉलीच्या कडेवर बसले.

"सकाळी भीती वाटत होती, कोणी विचारेल. दुपारपासून वाट बघत होतो." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माणसं यायची, माझ्याकडे बघून हसायची आणि निघून जायची. ठाऊक आहे मला, मीच नको म्हणालो. पण चव्वेचाळीस वर्षं तिने यांच्या पोरांची नाकं पुसली, बाई. आणि आज दिवसभर या बागेत तिचं कोणी नाव काढलं नाही. असं वाटलं, ती इथे कधी नव्हतीच."

अरे देवा, हे काय करून बसलो आपण!

"नाही हो, आजोबा!" ती त्यांच्याजवळ पेंढ्यावर बसली. "विचारलं ना! सगळ्यांनी विचारलं. एकही गाडी अशी नाही की जिने विचारलं नाही. मीच सगळं फाटकात अडवून ठेवलं."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "काय म्हणाले?"

"सकाळची ती लहानगी होती ना, तिचे वडील. ते म्हणाले, मी पाच वर्षांचा असताना इथल्या झाडांत हरवलो होतो, आजींनी मला शोधून काढलं आणि कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही आजच कळलं म्हणे."

"चड्डी ओली केली होती त्याने," आजोबा म्हणाले. "माझा सदरा गुंडाळून पाठवला हिने. परत आलाच नाही तो सदरा."

ताईला हसू आलं आणि रडूही. "मग त्या दोघी जुळ्या बहिणी. आता चष्मे लागलेत दोघींना. त्या म्हणाल्या, आमच्यातली कोण कुठली, हे आजींना कधीच ओळखता आलं नाही."

"ओळखायची. मुद्दाम चुकायची. त्यांना मजा वाटायची म्हणून." आजोबांचा आवाज वर चढला. काका टोपली हातात घेऊन थबकले. या माणसाला एवढं बोलता येतं हे त्यांना आत्ताच कळत होतं. "एकीच्या कानाखाली तीळ आहे. डाव्या. आणखी कोण?"

"एक आजोबा होते, काठीवाले. आजी गेल्याचं ऐकलं. खाली उतरले, फाटकाला हात लावून जरा वेळ उभे राहिले, आणि परत गाडीत बसले."

आजोबांनी ते डोळे मिटून ऐकलं. ताईला वाटलं, आता पुरे झालं, दमले असतील, आपणही निघावं. ती उठायला लागली.

"बस," ते म्हणाले, आणि पेंढा सारून तिला नीट जागा करून दिली. "पस्तीस होत्या म्हणालीस. तीनच झाल्या."