टेकडीच्या पोटातला मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे. अख्खा नाही. माझ्या अंगाला आरपार गोल भोक पडलंय आणि मी कचऱ्याच्या टेकडीत खोल रुतलोय.

मित्रांनो, मी एका रुग्णवाहिका चालकाचा मोबाइल होतो. माझी घंटा वाजली की तो हातातला घास ताटात टाकून उठायचा. "याच्यामुळे वेळेवर पोचतो मी," असं बायकोला कौतुकानं सांगायचा. पुढे माझी बॅटरी फुगली, पाठीचं झाकण उचललं गेलं. नवा मोबाइल आला आणि मी खणात, गंजलेल्या किल्ल्यांच्या शेजारी जाऊन पडलो. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, याचं पोट बघा कसं टम्म फुगलंय! टाका की कुठंतरी." कुठंतरी म्हणजे कचऱ्याची बादली.

तिथून मी दगडाच्या एका जुन्या खाणीत आलो. कचऱ्यानं ती खाण भरली आणि भरता भरता तिची टेकडी झाली. माझ्यावर राख, पिशव्या, फुटके टीव्ही येऊन पडले. भारानं माझी काच तडकली. आजूबाजूच्या कुजक्या कचऱ्यातून पेट घेणारा वायू निघत होता, आणि माझ्या पोटात थोडी वीज शिल्लक होती. मी अंग चोरून पडून राहिलो.

एका सकाळी डोक्यावर घरघर सुरू झाली. टेकडीला वर भेग पडली होती आणि पायथ्याशी घरांची रांग होती. टेकडी घसरेल का, हे तपासायला एक भूगर्भतज्ज्ञ बाई आल्या होत्या. भोक पाडायच्या यंत्रावर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे मामा म्हणत. यंत्राची पोकळ नळी फिरत खाली यायची आणि आतले थर घेऊन वर जायची. भोकातून मला वरचं थोडं दिसत होतं आणि बोलणं ऐकू येत होतं.

"ताई, याला जमीन म्हणायचं की उकिरडा?"

"आज उकिरडा. असाच दाबला गेला तर लाखो वर्षांनी दगड. हा हिरवा डाग बघा, वायरीतलं तांबं. पुढच्यांना आपण असेच सापडणार."

"म्हणजे आपली अब्रू दगडात कोरलेली!"

दोघं हसले. मला हसू येईना. नळी पुन्हा खाली आली आणि तिचे दात माझ्या पाठीला टेकले. 'मामा, थांबा!' असं मला ओरडायचं होतं. पण माझा आवाज केव्हाच गेला होता. कर्र झालं. माझ्या पोटाचा लचका तुटून नळीत गेला आणि धुमसायला लागला. वर वायू मोजणारं उपकरण किंचाळलं.

"मामा, यंत्र बंद, ठिणगी उडेल! नळी हातानं वर घ्या! आत राहिली तर टेकडी पेटेल!"

मामांनी नळीला बांधलेली साखळी ओढायला सुरुवात केली. नळी वर जाताच ज्वाळेचा लोळ उठला. "आई गं!" मामा कळवळले, पण साखळी सोडली नाही. बाईंनी नळी शेजारच्या वाळूच्या ढिगात लोटली, वर आणखी वाळू ओतली आणि धावत येऊन भोकात ओली माती कोंबली.

"मामा, हात बघू. मूठ वळते का?"

"दोन बोटं ऐकत नाहीत, ताई. खाली घरं..."

"आहेत. सगळी आहेत."

मग माती घट्ट बसली आणि वरचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

आता मी हळूहळू थर होतोय. माझी काच वाळूत मिसळेल, तांब्याची दगडात हिरवी शीर उमटेल. मामांचा भाजलेला हात मात्र कुठल्याच दगडात दिसणार नाही.

मित्रांनो, तुमच्या खणात माझी भावंडं असतील. जुनी उपकरणं सुटी करून वापरात आणतात, तिथे त्यांना नेऊन द्या. बॅटरी फुगली असेल तर तसं सांगून द्या. बादलीत टाकू नका. इथे मी एकटा नाही. माझ्या शेजारच्या मोबाइलचं पोट सध्या फुगत चाललंय, आणि वर पुन्हा पावलं वाजतायत.